फेअरक्लॉथांची हाळी

आधी हाळी, मग कॉफी. ओझेल फेअरक्लॉथच्या घरात हा नेम कधी मोडला नाही. उजाडलं की ती मागच्या ओसरीवर यायची, पायांत हातभर अंतर ठेवून उभी राहायची, खांबाला टेकायची नाही, आणि दलदलीतल्या सायप्रस झाडांच्या शेंड्यांवरून आवाज सोडायची. कसलेला नट पहिल्याच वाक्यात थिएटरची शेवटची रांग मापून घेतो, तशी तिची हाळी पलीकडच्या काठापर्यंतचं सगळं रान मापून यायची. शब्द एकही नाही. छातीतून निघालेला सूर एकदम टाळूला लागायचा, तिथून आणखी वर उडी घ्यायचा, वर क्षणभर थांबायचा, आणि मग दमलेलं खेचर संध्याकाळी गोठ्याकडे वळतं तसा सावकाश उतरत उतरत घरी यायचा.

मग ती कान द्यायची. पलीकडून बर्ल ऑट्रीचं उत्तर यायचं. जाडंभरडं, खर्जातलं, मध्येच एक खोकला. खोकला आता त्या हाळीचाच भाग झाला होता. एखाद्या सकाळी तो आला नाही तर ओझेलला चैन पडत नसे.

अर्थ इतकाच: मी उठले, रात्रीत मेले नाही. तू?

नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या कोपऱ्यात, सॅम्पसन काउंटीच्या सपाट वाळूवर, घरं एकमेकांपासून लांब लांब होती आणि मध्ये पाणथळ रान. ओझेलच्या लहानपणी रोज सकाळी प्रत्येक ओसरीवरून एकेक हाळी उठायची. प्रत्येक घराण्याची चाल वेगळी. नेलरांची ठेका धरून, ऑट्रींची खर्जात, फेअरक्लॉथांची उंच. दुसऱ्याच्या घराण्याची हाळी देणं म्हणजे दुसऱ्याच्या नावाने सही ठोकण्यासारखं, ते कुणी करत नसे. एखाद्या घरून हाळी आली नाही की शेजारी हातातलं काम टाकून बघायला निघायचे. आणि संकटाची हाळी आली, म्हणजे कुणी बुडतंय, काही जळतंय, तर मग विचारायचंच नाही, धावायचं. संकटाची चाल वेगळी नसायची. तीच घराण्याची चाल, फक्त तिला उतरण नसायची. सूर वर चढायचा आणि वरच राहायचा, तुटायचा, पुन्हा वर जायचा. जो सूर घरी येत नाही त्याच्या घरी काहीतरी बिघडलंय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळायचं.

पुढे टेलिफोन आले. ट्रॅक्टरच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? एकेक ओसरी गप्प होत गेली, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला रोज सकाळी हाळी देणारे उरले दोनच, ओझेल आणि बर्ल. ती सत्तरीला टेकलेली, तो ऐंशी पार केलेला.

ओझेल चौदा वर्षांची असल्यापासून बापाची हाळी देत होती. बाप एझ्रा फेअरक्लॉथ, पंचक्रोशीतला सर्वांत उंच आवाज. तो आवाज एका उन्हाळ्यात बसला तो पुन्हा उठला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पोरगी उभी राहिली. बापाने तिच्या पाठीवर हात ठेवून तिला ताठ केलं. तेवढीच तालीम.

लग्न तिने केलं नाही. दोघांनी मागणी घातली होती, पण दोघांचेही आवाज पातळ. "तंबाखूच्या शेताच्या दुसऱ्या टोकाला मी पडले तर हा मला हाक कशी मारणार?" असं तिने एकाच्या आईला तोंडावर विचारलं होतं. बाप गेल्यावर शेत तिने एकटीने केलं. तंबाखू लावली, पानं खुडली, भट्टीवर जागून ती पिवळी केली. तिची डुकरं ओढ्यापलीकडून तिच्या हाकेला यायची. एकदा नेलरांचीही आली, आणि परत जायला तयार होईनात. चर्चच्या गायनात तिला मागच्या रांगेत उभं करत, मग दाराशी, आणि एका रविवारी पाद्री प्रेमाने म्हणाले, "ओझेल, देव तसा जवळच असतो."

"असेल," ती म्हणाली, "पण झोपलेला असला तर?"

स्वतःच्या आवाजाबद्दल तिला खोटा विनय नव्हता. चांगला होता तो, आणि तिला माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी तिथल्या चौरस्त्यावरच्या, आग विझवायला बंब ठेवणाऱ्या मंडळाने दर जूनमध्ये हाळीची स्पर्धा भरवायला सुरुवात केली होती. पुरुषांनी स्टेजवर हाळी द्यायची, बायकांनी वेगळ्या कोपऱ्यात नवऱ्याला जेवायला बोलावण्याची हाक मारून दाखवायची. नवरा नसलेल्या ओझेलने ती स्पर्धा इतक्या वेळा जिंकली की इतर बायकांनी तक्रार केली. शेवटी त्या वर्षी मंडळाने ठरवलं, बायका-पुरुष सगळे एकाच स्टेजवर. आणि दुसरी बातमी अशी की विद्यापीठातून एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन येणार. एकेका घराण्याची एकेक हाळी कायमची टेपवर घेऊन ठेवणार. माणसं गेली तरी राहील अशी.

बातमी राज्याच्या राजधानीपर्यंत, रालेपर्यंत पोचली. ओझेलचा धाकटा भाऊ ग्रेडी तिथे राहायचा. आठ वर्षांचा असताना आत्याकडे गेला तो तिकडेच शिकला, विम्याच्या कंपनीत लागला, निवृत्त झाला. नाताळला यायचा, ईस्टरला यायचा, बूट पुसून बसायचा. आवाज त्याचाही बापाचाच. रालेच्या चर्चमध्ये तो पुढच्या रांगेत गात असे.

त्याचा फोन आला.

"ओझी, यंदा टेप करणार आहेत म्हणे."

"हो. येतोस ऐकायला? कोंबडी करते."

"ऐकायला नाही. बाबांची हाळी मी देणार आहे. मंडळाच्या ड्वाइट नेलरला नाव दिलंय."

ओझेलने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. "तू? तू कधी दिलीस हाळी? कुणाला दिलीस? रालेत शेजारी खिडक्या लावून घेतील."

"मुलगा मी आहे, ओझी."

"मुलगा आहेस, मान्य. दाखला नको आणूस. पण म्हणून काय झालं? हाळी काय जमीन आहे तुझ्या नावावर व्हायला?"

"जमीन मी तुला सोडलीच ना?"

"सोडलीस, कारण तिच्यात डुकरं होती."

 ग्रेडी हळू म्हणाला, "माझ्यापाशी बाबांचं दुसरं काही नाही. घड्याळ तुझ्याकडे, ओसरी तुझ्याकडे, त्यांच्याबरोबरची सगळी वर्षं तुझ्याकडे. एवढी एक हाळी मला लख्ख आठवते. ती तशीच्या तशी टेपवर जाऊ दे."

 ओझेलने फोन ठेवला आणि ओसरीवर जाऊन बसली. राग आला होता तो भावाचा नव्हता. पण टेप एकच होती. जे तिच्यावर जाईल तेच उद्या फेअरक्लॉथांची हाळी म्हणून राहणार. रोज सकाळी देणारी ती, आणि नाव लागायचं वर्षातून दोनदा येणाऱ्याचं? भाऊ झाला म्हणून हे ती सोडणार नव्हती.

दोन दिवसांनी बंबाच्या मंडळाचा प्रमुख ड्वाइट नेलर टोपी हातात घेऊन आला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, आडव्या बांध्याचा, भिडस्त गडी.

"मिस ओझेल, माझी पार गोची झालीय."

"बस. केळ्याचं पुडिंग खा. गोची पोट भरलं की निम्मी होते."

"एका घराण्याची एकच हाळी, असा नियम केला आम्ही. आता फेअरक्लॉथ दोन आले. तुम्हाला नाही म्हणू तर माझी आई मला घरात घेणार नाही. ग्रेडीसाहेबांना नाही म्हणू तर ते म्हणतील, बाहेर गेलेल्याला तुम्ही मोजतच नाही."

"मग दोघांनाही देऊ दे. एझ्राची कुठली ते बर्ल सांगेल. ती टेपवर."

"मिस्टर बर्ल तुमचे शेजारी. साहेब म्हणतील पक्षपात झाला."

"बर्लला त्या बाजूने दिसत नाही, या बाजूने दिसत नाही. स्टेजवर कोण आहे ते त्याला कळायचं नाही. गुडघे गेले, डोळे गेले, कान मात्र आहेत. आणि बाईचा आवाज, बाप्याचा आवाज यावर तो जाणार नाही. तो चाल ऐकतो."

ग्रेडीने फोनवर मान्य केलं. बर्लनेही केलं, पण अट घातली. "मला स्टेजपाशी नका बसवू. जवळून हाळी म्हणजे नुसता आरडाओरडा. ती लांबून कळते. त्या मैदानाच्या कडेच्या ओकच्या झाडाखाली खुर्ची टाका, आणि ताट द्या भरून. उपाशीपोटी मी न्याय करत नाही."

स्पर्धेचा दिवस उजाडला तो भाजून काढणारा. चौरस्त्याच्या मैदानात गाड्याच गाड्या. स्टेजच्या मागे लांबच लांब खड्ड्यावर अख्खी डुकरं आदल्या दिवसापासून मंद निखाऱ्यावर भाजत ठेवलेली. तो धूर स्टेजच्या डोक्यावरून निळा निळा वर जात होता. एका मांडवात मक्याच्या पिठाची भजी तळली जात होती, दुसऱ्यात बर्फ घातलेल्या गोड चहाची पिंपं. मंडळाचा लाल बंब धुऊन पुसून मध्यभागी उभा केला होता, आणि लहान पोरं शिरस्त्राणं घालून त्याच्यावर चढली होती.

ओझेलने निळा झगा घातला होता आणि पायांत कामाचे बूट. "उंच टाचांवर उभं राहून हाळी येत नाही," तिने मांडवातल्या बायकांना सांगितलं, "सूर टाचेतून निघतो."

ग्रेडी आला तो पांढऱ्या सुटात. बहिणीला बघून त्याने हॅट काढली. ती म्हणाली, "आईस्क्रीमवाला दिसतोयस." तो हसला. भांडण असलं तरी तिने त्याच्या कॉलरवरचा धागा काढला.

तीनचार घराण्यांच्या हाळ्या झाल्या. टाळ्या झाल्या. विद्यापीठाचा माणूस कानाला यंत्र लावून स्टेजच्या पायरीशी बसला होता. मग ड्वाइटने कर्ण्यात सांगितलं, "आता फेअरक्लॉथ. आधी रालेचे मिस्टर ग्रेडी."

ग्रेडी मध्यभागी आला. मायक्रोफोन त्याने हाताने बाजूला सारला. तिथे ओझेलने मनात म्हटलं, एवढं तरी याला माहीत आहे. त्याने डोळे मिटले. आणि सूर सोडला.

ओझेल आतून हलली. बापाचाच आवाज तो. छातीतला सूर टाळूला लागला, तिथून वर उडी, अगदी नेमकी, जिथे एझ्रा घ्यायचा तिथेच. उन्हात बसलेली माणसं हातपंखे हलवायची थांबली. ओझेलच्या सत्तर वर्षांच्या ठाम मनाला पहिल्यांदा वाटलं, नेली याने. घेऊन गेला हा.

सूर वर थांबला. ती उतरणीची वाट बघत राहिली.

उतरण आलीच नाही.

ग्रेडीने सूर वरच धरला. तो तुटला. त्याने पुन्हा उचलला, आणखी वर नेला, तिथे तो पुन्हा फाटला, पुन्हा वर गेला. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर देवळातला आनंद. बाहेरगावच्या माणसांनी श्वास रोखले होते. काय विलक्षण गातोय म्हातारा!

आणि जुनी माणसं मात्र उभी राहिली.

एकदम. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांनी भज्यांच्या कढया जागच्या जागी सोडल्या. ड्वाइटच्या हातातला कर्णा खाली पडला. त्याच्या डोक्याने काही विचार करण्याआधी पाय बंबाकडे धावले, पोरांना कडेला उतरवून त्याने भोंगा चालू केला. मैदानाच्या चारी कडांनी पिकली डोकी स्टेजकडे धावत सुटली, कारण हाळी जिकडून येते तिकडे जायचं. एकाच्या हातात खुर्ची, एकाच्या हातात दोर, एक बाई नुसताच लाटण्यासारखा दांडा घेऊन.

सगळ्यांच्या पुढे बर्ल ऑट्री. गुडघे गेलेला बर्ल! ताट उडालं, काठी राहिली, वाटेत चहाच्या मांडवात बर्फाच्या पाण्याची बादली होती ती त्याने बाटल्यांसकट उचलली, आणि समोर अंधूक नजरेला काय दिसलं? स्टेजच्या मागून धूर.

"आलो, एझ्रा!" असं ओरडून त्याने ती बादली भाजणाऱ्या डुकरांवर रिकामी केली.

फस्सकन आवाज झाला आणि राखेचा ढग स्टेजवर आला. मंडळाची माणसं डोक्याला हात लावून ओरडली, "मिस्टर बर्ल! जेवण आहे ते!"

"पोरं कुठायत? आत कोण अडकलंय?" बर्ल दुसरी बादली शोधत होता. छाती भात्यासारखी चाललेली, ओठ निळसर. एवढ्या उन्हात त्याच्यासारखे वीसपंचवीस जण धापा टाकत स्टेजला भिडले होते. रस्त्यावरून दोन ट्रक करकचून वळले. पलीकडच्या शेतांतूनही कुणी कुणी पळत येताना दिसायला लागलं. ग्रेडी पांढऱ्या सुटावर राख घेऊन खुळ्यासारखा उभा होता. "काय झालं? मी काय केलं?"

कुणाला सांगून हे थांबणार नव्हतं. संकटाची हाळी शब्दांनी पुसता येत नाही.

ओझेल स्टेजवर चढली. भावाला कोपराने बाजूला केलं. पायांत हातभर अंतर घेतलं, बुटांच्या टाचा फळीत रोवल्या, आणि दिली.

तीच चाल. छातीतून, टाळूला, वर, आणखी वर. तिथे ती क्षणभर थांबली. खाली जमलेल्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते, एकाच्याही पापणीची हालचाल नव्हती. आणि मग तिने सूर खाली आणला. घाई केली नाही. पायरीपायरीने, एकेक घर ओलांडत, शेवटी पार जमिनीला टेकवला.

सगळं ठीक आहे. सूर घरी आलाय.

बर्लच्या हातातली बादली खाली गेली. तो तिथेच गवतावर बसला, कुणीतरी त्याला पाणी दिलं, ओठांवर रंग परत आला. त्याने एक श्वास घेतला आणि सवयीने, रोजच्यासारखं, उत्तर दिलं. खर्जात. खोकल्यासकट.

मग जे झालं ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. दांडा घेतलेल्या बाईने तो खाली ठेवला आणि आपल्या बापाची हाळी दिली. तिने ती टेलिफोन आल्यापासून दिली नव्हती. तिला तिच्या दिराने उत्तर दिलं. ड्वाइटने भोंगा बंद केला, खाकरला, आणि लाजत लाजत नेलरांची ठेक्याची हाळी सोडली. रस्त्यावरच्या ट्रकमधून एक आली. आणि सगळे गप्प झाल्यावर, पार लांबून, पाइनच्या रानापलीकडच्या कुठल्यातरी ओसरीवरून, एक बारीकशी हाळी आली. कोण असावं ते कुणालाच सांगता येईना. ती पण शेवटी उतरली.

विद्यापीठाच्या माणसाने यंत्र कानावरून काढलं. त्याचे डोळे ओले होते आणि नाकावर राख. "सगळं आलंय टेपवर," तो म्हणाला. "बादलीसकट. पण मला नाव लिहायचंय. फेअरक्लॉथांची खरी हाळी कुठली?"

सगळे बर्लकडे वळले.

"दोन्ही एझ्राच्याच," बर्ल म्हणाला. "पहिली मी आयुष्यात एकदाच ऐकली होती. देव करो, तिसऱ्यांदा कानी न पडो. दुसरी रोज सकाळी ऐकतो, म्हणून तर अजून उठतो. घराण्याची हाळी म्हणजे रोजची. ओझेलचं नाव लिहा."

ड्वाइटने कर्णा उचलून ते जाहीर केलं. टाळ्या कडाडल्या. ओझेलने वाकून मुजरा वगैरे केला नाही, नुसती मान हलवली. आपलं ते आपल्याकडे आलं, त्यात आश्चर्य काय?

पण भाऊ स्टेजवर नव्हता.

तो मागे खड्ड्याच्या कडेला उलट्या पेटीवर बसला होता. निखारे अजून फसफसत होते. ती त्याच्या शेजारी दुसरी पेटी ओढून बसली.

"मी चुकवली," ग्रेडी म्हणाला. "आणि मला वाटत होतं, तशीच्या तशी येतेय."

"तशीच्या तशीच होती. कुठे ऐकलीस?"

"दलदलीत. आठ वर्षांचा होतो. बर्लच्या बापाची सपाट होडी होती ना? मी तिच्यात आडवा पडलो होतो, ती वाहत वाहत लव्हाळ्यात जाऊन अडकली. मला झोप लागली. जाग आली तर वर झाडांमधून बाबा गात होते. अख्खी दुपार. इतकं सुंदर मी नंतर कधीच काही ऐकलं नाही, ओझी. मी उत्तरसुद्धा दिलं नाही, थांबतील म्हणून. रालेला आत्याकडे झोप यायची नाही तेव्हा तेच आठवायचो."

ओझेलने हातातला रुमाल त्याच्या बाहीवरच्या राखेला लावला. राख आणखी पसरली.

"ते गात नव्हते रे."

त्याने तिच्याकडे बघितलं.

"तुला शोधत होते. तुझी टोपी काठावर सापडली, होडी नाही, तू नाहीस. सगळी घरं पाण्यात उतरली होती. बर्ल गळ्यापर्यंत. बाबा ओसरीवरून हलले नाहीत, हाळी देत राहिले, का तर तू ऐकशील आणि आवाजाच्या दिशेने येशील. त्यातच त्यांचा आवाज गेला. तू संध्याकाळी आपला आपण चालत आलास, भूक लागली म्हणून. लोकांना थांबा म्हणून सांगायचं होतं, तर बाबांच्या तोंडातून नुसती हवा. मग उतरणीची मी दिली. पहिल्यांदा. तू आत मका खात होतास."

ग्रेडीने एक काटकी उचलून निखाऱ्यांत खुपसली.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"बाबांनी कुजबुजत बजावलं होतं, पोराच्या मनात पाण्याची भीती घालू नका म्हणून. आणि आईने धसका घेतला. इथे राहिला तर उद्या खरंच बुडेल म्हणाली. त्याच महिन्यात तुला रालेला धाडलं."

"मला वाटायचं," तो म्हणाला, "खाणारं एक तोंड कमी करायला पाठवलं."

"तोंड कमी करायचं असतं तर मला नसतं पाठवलं? मी तुझ्या दुप्पट खायचे."

तो हसला आणि त्याच हसण्यात त्याचे डोळे भरले. त्याने ते पांढऱ्या बाहीने पुसले, आणि सुटाची उरलीसुरली शोभाही गेली.

"ऐक," ओझेल म्हणाली. "तू फोनवर म्हणालास, तुझ्यापाशी बाबांचं काही नाही. ती दुपारची हाळी तुझी. त्यांनी आयुष्यात एकदाच दिली, तुझ्यासाठी दिली, त्यात आवाज घालवला. तिच्यावर माझा काही हक्क नाही, आणि मला ती नकोही आहे. सकाळची माझी. आहे कबूल?"

"कबूल."

"फक्त या काउंटीत ती पुन्हा देऊ नकोस. काही बुडत किंवा जळत असल्याशिवाय. आमची म्हातारी माणसं मारशील."

"आणि सकाळची शिकायची असेल तर?"

"तर आज राहा. उद्या ओसरीवर ये, हा आईस्क्रीमवाल्याचा अवतार उतरवून. उतरण एका दिवसात जमत नाही, पण तुझ्या गळ्यात आहे ती, नुसती कधी खाली आणली नाहीस."

समोर मंडळाच्या माणसांनी डुकरं उलटीपालटी करून बघितली होती आणि एका बाजूने मांस अगदी झकास आहे, दुसऱ्या बाजूने जरा चिंब आहे, असा निकाल दिला होता. वर व्हिनेगर आणि तिखट मारलं की कळायचं नाही. ड्वाइटने कर्ण्यात पुकारलं की रांगा लावा, जेवण तयार आहे.

बर्ल ऑट्री मंडळाच्या दोघा गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून सर्वांत आधी रांगेच्या तोंडाशी पोचला होता.

"थांब," तो वाढप्याला म्हणाला. "पहिलं ताट एझ्राच्या पोराला. कुठाय तो? बोलवा त्याला. आणि हे बघ, चिंब बाजूचं वाढ."